अंगावर पुरळ, खाज, चट्टे: तुमचे अनुभव लिहा

शेवंती
काल रात्री भाचीचा हॉस्टेलवरून फोन. "मावशी, दिवसभर काही नाही गं, रात्री पांघरूण घेतलं की सुरू. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती. झोपच नाही." म्हटलं, रूममेटला पण आहे का? तर "हो, पण तिला घामोळं आहे." झालं! फोन ठेवला आणि आमची खोली आठवली.

चौघीजणी होतो. एकीला म्हणे उष्णता झालेली, दुसरीला पाणी बाधलेलं, मी साबणाच्या नावाने खडे फोडत होते, आणि चौथीला काहीच होत नव्हतं म्हणून ती आम्हा तिघींकडे बघून नाक मुरडायची. शेवटी डॉक्टरांनी भिंग धरलं. बेचक्यात केसाएवढी बारीक, राखाडी, वाकडीतिकडी रेघ. "हे बीळ. मादी आत अंडी घालत पुढे सरकते." खरूज! परमेथ्रिनचं मलम चौघींनी एकाच रात्री लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, सकाळी आंघोळ, आणि आठवड्याने पुन्हा तसंच. नाक मुरडणारी म्हणे, मला खाजच नाही, मी का लावू? डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर किडा मुकाट तुमच्या अंगावर राहतो आणि तुम्ही तो वाटत फिरता. काय चेहरा झाला तिचा!

कपडे-चादरी गरम पाण्यात, धुता येईना ते पिशवीत गच्च बांधून ठेवलं. माणसाच्या अंगावरून उतरला की तो सहसा दोन-तीन दिवसच तगतो. खाज मात्र नंतरही काही आठवडे रेंगाळली. मेलेल्या किड्यांच्या अवशेषांची ॲलर्जी असते ती, त्यासाठी रोज मलम थापायचं नसतं.

भाचीला हे सगळं सांगितलं, पण ती डॉक्टरकडे जायला लाजतेय. तुमच्या अंगावर काय काय उठलं, कोण काय म्हणालं, कशाने गेलं ते लिहा. फोटो टाकू नका, लोक जेवताना वाचतात.

गुळाचा_गणेश
वाचूनच खाज सुटली. धन्यवाद.

पानगळ
+१. मोबाईल धरलेल्या हाताच्या बेचक्या तपासून झाल्या.

झोपाळू_मांजर
आमच्याकडे नायटा. नवऱ्याच्या मांडीला, मग माझ्या कमरेला, मग लेकाच्या मानेला. औषधाच्या दुकानातून ते सगळं एकात असलेलं मलम आणलं. दोन दिवसांत खाज बंद, चट्टा फिका, सगळे खूश. ट्यूब संपली की दुप्पट होऊन हजर. मग परत ट्यूब. असं कित्येक महिने. शेवटी गेलो तेव्हा त्याची ती गोल कड, मध्ये मोकळं आणि काठाला खवले, ती खूणच पुसली गेली होती. डॉक्टरांनासुद्धा नुसतं बघून सांगता येईना. काठाची साल खरवडून काचेवर घेतली, कसलंतरी द्रावण टाकलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्या मलमात स्टिरॉइड होतं. त्याने खाज-सूज दबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते, मग बुरशीला रान मोकळं.

साधं बुरशीचं मलम + गोळ्या, तिघांनाही एकदमच. चट्टा गेल्यावरही दोनेक आठवडे लावायला सांगितलं. टॉवेल तीन. आतले कपडे पूर्ण सुकल्याशिवाय घालायचे नाहीत. नवऱ्याच्या मांडीवर त्या मलमाने पांढरट पट्टे पडलेत ते मात्र कायमचे.

निवांत_मास्तर
टॉवेल तीन?? आमच्याकडे एकाच टॉवेलवर अख्खं खानदान वाढलं आणि सगळे ठणठणीत.

झोपाळू_मांजर
मास्तर, तुमच्या खानदानाला साष्टांग नमस्कार :)

काउंटरपलीकडचा
माझं औषधांचंच दुकान आहे म्हणून लिहितो. लोक नाव विचारत नाहीत, "ती लाल झाकणाची द्या" म्हणतात. चिठ्ठी मागितली की राग. नाही दिलं तर पुढच्या दुकानात जातात. ट्यूबवर घटक बारीक अक्षरात असतात, पण असतात. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, नावाच्या शेवटी असं 'सोल', 'सोन' दिसलं तर स्टिरॉइड असण्याची शक्यता धरा आणि विचारा. (क्लोट्रिमॅझोल, किटोकोनॅझोल ही 'झोल'वाली बुरशीची औषधं, त्यात गल्लत नको.)

सावळी_संध्या
माझा वेगळाच वैताग. सगळीकडे लिहिलेलं असतं "लालसर चट्टे". माझ्या रंगावर लाल दिसतच नाही! जांभळट, तपकिरी, कधी राखाडी. एका ठिकाणी तर "फारसं काही दिसत नाही" म्हणून परत पाठवलं, इसब होतं ते. आता मी सांगते, डोळ्यांनी बघू नका, हात लावून बघा. खरखरीत आणि गरम लागतं.

ऋतुजाची_आई
सावळी_संध्या, शंभर टक्के. माझ्या लेकीचं पण असंच.

आणि इथे सगळे स्टिरॉइडला शिव्या देताय म्हणून लिहायला बसले. कुकर लावलाय, तुटक लिहीन. लेक बाळ असल्यापासून इसब. गुडघ्याच्या मागे, कोपराच्या आत. रात्री झोपेत खाजवून चादरीला रक्त. जो भेटेल तो एक उपाय सांगणार आणि वर "स्टिरॉइड मात्र लावू नकोस हं". मी घाबरून चिमूटभर लावायचे, दोन दिवसांत बंद, परत उसळी. नवीन डॉक्टरबाईंनी बोटावर दाखवलं: मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलम पिळायचं. साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला ते पुरतं. त्यांनी ठरवून दिलेले दिवस नीट लावलं आणि पहिल्यांदा ती रात्रभर झोपली. मी नाही झोपले, उठून उठून बघत होते श्वास चालू आहे ना.

चेहऱ्याला वेगळं सौम्य मलम. आणि खरं काम मॉइश्चरायझरचं. अंग खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं, ओलसर असतानाच थापायचं, चट्टा असो-नसो, रोज. त्या त्वचेत पाणी धरून ठेवायची ताकदच कमी असते, म्हणून बाहेरचं सगळं आत शिरतं. बुरशीवर स्टिरॉइड विष, इसबावर तेच औषध. शिट्टी झाली, आले.

काउंटरपलीकडचा
अगदी बरोबर. मी न विचारता लावण्याबद्दल म्हणत होतो.

गुळाचा_गणेश
इसब लागतं का हो एकमेकांना? शाळेत मुलाशेजारी एक जण आहे.

ऋतुजाची_आई
नाही. नाही. नाही. लेकीचा हात धरायला वर्गात कोणी तयार नसायचं, म्हणून तीनदा लिहिलं.

गुळाचा_गणेश
सॉरी ताई. मुलाला आज सांगतो.

आडनाव_नको
मानेवर सकाळी उठलो तर चाबूक ओढल्यासारखी रेघ. आग आग. दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक पिवळट फोड. घरात एकमत: नागीण. एक काका तर फोनवरच रडायला लागले. डॉक्टरांनी हात दुमडायला लावला तर कोपराच्या आतल्या बाजूला समोरासमोर दोन सारखेच चट्टे, दुमडल्यावर एकमेकांना टेकणारे. म्हणाले, किडा चिरडलाय तुम्ही. मुंगीसारखा लांबट, काळा-केशरी, दिव्याकडे येतो. रोव्ह बीटल. चावत नाही, डंख नाही, पण चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन त्वचेला भाजतं, आणि तेही दिवसभराने, त्यामुळे किडा आठवतच नाही. आता दिसला की फुंकर मारतो. चुकून चिरडला तर लगेच साबण-पाणी. डाग बराच काळ राहिला.

पानगळ
काकांना कळवलं का?

आडनाव_नको
कळवलं. ते म्हणाले डॉक्टर बदल.

मधली_सून
खरी नागीण सासऱ्यांना झाली होती. आधी नुसतं दुखणं, छातीच्या डाव्या बाजूला. हृदय असेल म्हणून ईसीजी, सगळी धावपळ, नॉर्मल. मग फोड उठले, बरगडीच्या रेषेत, पाठीच्या कण्यापासून पुढे छातीच्या मध्यापर्यंत, एकाच बाजूला. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू नसांच्या मुळाशी झोपून राहतो, म्हातारपणी जागा होतो. विषाणूची गोळी फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम. आमची झाली, पण शेजारच्या आजोबांनी मंत्र-लेप करण्यात आठवडा घालवला आणि फोड वाळल्यावरही त्यांना शर्ट टेकला तरी कळ येते. दोन्ही टोकं मिळाली की माणूस जातो हे आमच्याकडेही सांगून झालं. ती नस अर्ध्याच अंगाला आहे, टोकं मिळतील कशी?

नवी_बाबा
मधली_सून, घरात तान्हं बाळ आहे आणि आईला नागीण. बाळाला होईल का? प्लीज कोणीतरी लवकर सांगा.

सिस्टर_रात्रपाळी
नागीण नाही, पण कांजिण्या होऊ शकतात. फोडातल्या पाण्याच्या स्पर्शाने. फोड झाकून ठेवा, खपली धरेपर्यंत आजीने बाळाला घेऊ नये, हात धुवा, आणि बाळाच्या डॉक्टरांना आजच फोन करा. गरोदर बाई असेल, तिला कांजिण्या झालेल्या नसतील, तर तिनेही लांब राहायचं. पन्नाशीनंतर नागिणीची लस घेता येते, दोन डोस असतात.

नवी_बाबा
धन्यवाद सिस्टर. फोन केला. आई रुसलीय पण ठीक आहे.

तिरपागडा
मला गांधी उठायच्या. आता पोटावर, तासाभरात पाठीवर. बायको म्हणे तू उगाच दाखवतोस, दवाखान्यात पोचेपर्यंत गायब! म्हणून पेनने प्रत्येक गांधीभोवती गोल काढला आणि वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी गोल तिथेच, आत काही नाही, गांधी दुसरीकडे. डॉक्टर खूश झाले. एकेक गांधी २४ तासांच्या आत जात असेल तर ती पित्ताचीच गांधी. एकाच जागी त्याहून जास्त टिकली, दुखली, डाग ठेवून गेली तर वेगळा तपास. ६ आठवड्यांच्या वर चाललं की जुनाट म्हणतात, आणि त्यात बहुतेकदा कारण सापडतच नाही. मी उगाच यादी करत बसायचो, काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं. रोज अँटीहिस्टामिन (ॲलर्जीची गोळी) घेत राहा, उठल्यावर नाही, उठू नये म्हणून, असं सांगितलं. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन घेतलं की जास्त उठायच्या, ते बंद केलं.

लेकाला दुसराच प्रकार. नखाने ओढलं की तिथे फुगून येतं. वर्गात हातावर मित्रांची नावं लिहून दाखवतो. मार्कांचं विचारू नका.

सिस्टर_रात्रपाळी
गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली तर पेन-बिन शोधू नका, थेट तातडीच्या विभागात. अजून दोन गोष्टी, मग ड्यूटीवर जाते. नवीन औषध सुरू केल्यावर पुरळ + तोंडात फोड + डोळे लाल किंवा कातडी सोलवटणं, औषध थांबवून लगेच रुग्णालय. आणि ताप असताना जांभळे ठिपके, त्यावर काचेचा पेला दाबून बघायचा, काचेतूनही तसेच दिसले तर एक मिनिट थांबू नका.

पानगळ
ही पोस्ट जपून ठेवली.

कॉफीचा_डाग
माझी मजा. बेंबीच्या खाली रुपयाएवढा चट्टा, सतत ओला. नायट्याची औषधं झाली, इसबाची झाली. मग पाठीवर पट्ट्या चिकटवून ॲलर्जीची चाचणी. ४८ तासांनी काढल्या, परत दोन दिवसांनी बघितलं, तोवर पाठीला पाणी लावायचं नाही (घरचे दोन हात लांब). निकेल! जीन्सचं बटण! बटणाला आतून कापड शिवलं आणि संपलं. एक छोटी बाटली मिळते, कापसाच्या बोळ्यावर थेंब घेऊन धातूवर घासायचा, गुलाबी झालं की निकेल. मी आता घरभर बोळा घेऊन फिरतो. किल्ल्या, चष्मा, सगळं गुलाबी.

झोपाळू_मांजर
घड्याळाच्या पट्ट्याखाली होतं ते पण हेच का?

कॉफीचा_डाग
असेल किंवा चामड्यातलं क्रोमेट असेल, किंवा नुसता घाम साचून. चाचणी करा ना.

निवांत_मास्तर
माझ्या छातीवर आधी एक मोठा चट्टा आला, मग आठवड्याने अंगभर लहान लहान. मी मृत्युपत्राचा विचार करत होतो. डॉक्टर म्हणाले, पिटिरायसिस रोझिया, ६-८ आठवड्यांत आपोआप जाईल, काही करू नका. गेलं! काही न करायची फी मात्र घेतली.

शेवंती
मास्तर :D
भाची जाऊन आली एकदाची. खरूजच. आता वॉर्डन म्हणतात फक्त या दोघींनीच लावायचं. मी फोनवर भांडतेय, मजल्यावरच्या ज्या ज्या मुली या खोलीत झोपतात-उठतात त्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायला हवं. कोणाकडे हॉस्टेलचा अनुभव असेल तर लिहा, कसं पटवलंत?

मधली_सून
डॉक्टरांकडून लेखी आणा. त्याशिवाय हलत नाहीत.

एकटा_जीव_७
पाठीवर शिबं आहेत. किटोकोनॅझोलचा शाम्पू पाठीला लावून पाच मिनिटं ठेवायला सांगितलाय. खवले गेले. रंग यायला काही महिने लागतील म्हणाले, ते ठीक आहे. प्रश्न असा की एकटा राहतो, हात पोचत नाही. काय करू?

तिरपागडा
लांब दांड्याचा स्पंज.

गुळाचा_गणेश
भिंतीला रंग द्यायचा छोटा रोलर. गंभीरपणे सांगतोय, मी मलम तसंच लावतो.

एकटा_जीव_७
रोलर शाम्पू पिऊन टाकत नाही का?

गुळाचा_गणेश
स्पंजवाला पितो. कमी केसांचा घ्या, आधी ओला करून पिळा.