मुलांना कोणती कामं शिकवलीत? कशी शिकवलीत?

‘जरा कोथिंबीर निवडून दे’ ही झाली मदत. मुलांना स्वावलंबी करायचं तर अख्खं काम, अगदी ओटा पुसेपर्यंत, त्यांच्या हाती द्यावं असं माझं ठाम मत आहे. आमच्या दहा वर्षांच्या लेकीला मी कुकर लावायला शिकवलं. डाळ-तांदूळ तिनेच मोजायचे, धुवायचे. भाताला दुप्पट पाणी, डाळीत हळद-हिंग, कुकरच्या तळाशी पाणी. मग शिट्टी काढून झाकण उजेडाकडे धरायचं आणि नळीतून आरपार दिसतंय का ते बघायचं. भाताचं शीत अडकलेलं असेल तर ते काढल्याशिवाय कुकर चढवायचाच नाही. रिंग सगळीकडून बसली का, बोट फिरवून बघायचं. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात नाही. सुरुवातीला मी शेजारी उभी राहायचे, पण हात मागे बांधून. आता संध्याकाळचा कुकर तिचा, मी मात्र घरातच असते.

तुमचेही अनुभव बारकाव्यांसकट लिहा.

बाबा, ठाणे

आमचा भर व्यवहारावर. हल्ली सगळे पैसे मोबाइलवरून जातात, मुलांच्या हाती नोट येतच नाही. म्हणून लेक भाजीला रोख पैसे घेऊन जातो. मेथीची जुडी आतून पिवळी पडलेली नाही ना हे बघायचं, भाव विचारायचा, सुटे तिथेच मोजून घ्यायचे, घरी येऊन वहीत लिहायचं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच बँकांना दिली आहे. रकमेची मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी, त्यामुळे शाखेत विचारा. आमच्याकडे पैसे भरायची स्लिप तोच लिहितो.

आजी, डहाणू

मी बालवाडीत शिकवायचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, त्याच वाटेने आम्ही शिकलो. नखं कापणं, केस विंचरणं हे आमच्या लेखी शिक्षणच होतं. एक युक्ती सांगते. सदऱ्याची बटणं खालून लावायला शिकवा. खालची दोन्ही टोकं मुलाला दिसतात, त्यामुळे बटण चुकीच्या काजात जात नाही. गळ्याजवळचं त्याला दिसतच नाही, ते सगळ्यात शेवटी.

आई, कोल्हापूर

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. अख्खं काम एकदम दिलं की तो गोंधळतो, चिडतो. आमच्या थेरपिस्टताईंनी काम शेवटून शिकवायला सांगितलं. चड्डी घालताना ती मी कमरेच्या जरा खालपर्यंत चढवायची, शेवटचं ओढणं त्याचं. ते जमलं की मांडीपासून, मग गुडघ्यापासून. काम संपवणारा रोज तोच असतो, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं! मोजेही असेच शिकवले: आधी टाचेवरून वर ओढणं, मग चवड्यापासून. सध्या जॅकेटची चेन चालू आहे. खालचं टोक खाचेत मी बसवते, वर तो ओढतो. पकडायला सोपं जावं म्हणून चेनच्या पट्टीला जाड दोऱ्याचं कडं बांधलंय. पुढे बुटाची नाडी आहे. ती कुणी अशी शेवटून शिकवली असेल तर पायऱ्या लिहाल का?