जांभ्या जमिनीत फुलणारी वई: कोणते झुडूप लावावे?

प्रश्न (वाळपई परिसर, गोवा)
समोरचा रस्ता रुंद झाल्यापासून आमचा सोपा (ओसरी) येणाऱ्या-जाणाऱ्यांना थेट दिसतो. उंच भिंत बांधण्याची इच्छा नाही. फुलणारी आणि पाखरांच्या उपयोगी पडणारी वई, म्हणजे झुडपांचे कुंपण, हवी आहे. मात्र जमीन जांभ्याची असून वीतभर खणताच दगड लागतो, मार्चनंतर पाणी पुरत नाही आणि मोकाट गुरांचा त्रास आहे. रोपवाटिकेत ड्युरांटा हे परदेशी शोभेचे झुडूप सुचवण्यात आले. त्याऐवजी इथले कोणते झुडूप टिकेल?

उत्तर 1
पिटकोळी (इक्झोरा) लावावी. आपल्याकडे ती जांभ्या कातळाच्या कडेला कोणी पाणी न घालताही वाढते, आणि तिच्या लाल फुलांच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की त्यांतील मध लांब सोंडेच्या नीलवंतासारख्या फुलपाखरांना आणि शिंजीर पक्ष्यांनाच सहज मिळतो. पिकलेली फळे बुलबुल खातात. मुलेही सोडत नाहीत. पाऊस स्थिरावताच जूनमध्ये रोपे लावल्यास उन्हाळ्यापूर्वी मुळे दगडाच्या फटींत उतरतात.

उत्तर 2
पिटकोळी उत्तम आहे, परंतु ती सावकाश वाढते. केवळ तिच्यावर विसंबल्यास आडोसा मिळण्यास काही वर्षे जातील. म्हणून रस्त्याच्या बाजूला निर्गुडीची रांग घ्यावी. पावसाच्या आरंभी तिच्या फांद्या खोचल्या तरी फुटतात, उग्र वासामुळे गुरे तिला तोंड लावत नाहीत आणि जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या येतात. मात्र झाड गुडघाभर झाल्यावर शेंडा खुडलाच पाहिजे. अन्यथा खालचा भाग उघडा पडतो, आणि नेमका तिथूनच सोपा दिसतो! गुरे फार असतील तिथे मधूनमधून करवंद लावावे. त्याचे बी ताजेच पेरावे, कारण साठवल्यास त्याची उगवणशक्ती लवकर जाते.

उत्तर 3
वरील मिश्रणात शेरवडही (मुसेंडा) असावे. त्याच्या पानांवर कमांडर फुलपाखराच्या अळ्या वाढतात, त्यामुळे पाने कुरतडलेली दिसताच औषध फवारू नये. छाटणीविषयी माझे मत थोडे कडक आहे: दर महिन्याला कात्रीने सपाट केलेली वई दिसते नीटनेटकी, पण कळ्याच कापल्या गेल्याने तिच्यात ना फूल उरते ना फळ. करवंदाची फळे संपल्यावर वर्षातून एकदा, आत घरटे नाही हे पाहून, हलकी छाटणी पुरेशी आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. बाहेर निर्गुडी व करवंद आणि आत पिटकोळी व शेरवड, अशा दोन रांगा ठरवतो. दोहोंमध्ये किती अंतर ठेवावे?

उत्तर 2
तीन फूट ठेवावे, आणि आतल्या रांगेतील रोपे बाहेरच्या रोपांच्या समोर न लावता दोन रोपांमधील मोकळ्या जागेसमोर लावावीत.