हाडाच्या इंजेक्शनआधी दात तपासा म्हणतात, कुठं न्यावं?

समुद्रपूरची सून
मामाजींना (वय 71) प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, मणक्यात अन् खुब्यात पसरलाय. हार्मोनचं इंजेक्शन सुरू आहे. आता हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड द्यायचं ठरलं, पण चिठ्ठीवर लिहून दिलंय, आधी डेंटल चेकअप. मामाजी म्हणतात, "दुखते कंबर, अन् दात कायले दाखवू?" वर कवळी आहे, खाली एक दाढ हलते अन् एकीचं नुसतं मूळ उरलंय. खर्रा (तंबाखू-सुपारीचा) तर माझ्या लग्नाच्या आधीपासून. घरात वेचणी चालू आहे. एवढं गरजेचं आहे का?

जाम चौरस्ता
ताई, टाळू नका. आम्ही टाळलं. चार इंजेक्शनं झाल्यावर बाबांची दाढ ठणकायला लागली, तर तालुक्याला नेऊन उपटून आणली. इंजेक्शन चालू आहे हे सांगायचं आम्हाला सुचलं नाही, अन् त्यांनीही विचारलं नाही. दोन महिने झाले तरी खड्डा भरेना. बाबा म्हणायचे जिभेला काहीतरी खरखर लागते. ते उघडं पडलेलं हाड होतं. वर्षभर भाकर दुधात चुरून खाल्ली माणसानं.

दातवाली (वर्धा)
असं सगळ्यांना होत नाही, शंभरातल्या मोजक्यांनाच होतं. पण झालं की लवकर बरं होत नाही. आपलं हाड सतत झिजतं अन् नव्यानं भरतं. हे औषध झिजवणाऱ्या पेशींना आवरतं, म्हणून मणक्याला फायदा होतो. जबड्यात मात्र दात काढल्याची जखम भरायला तीच झीज-भर लागते. डेनोसुमॅब हे हाडांचं दुसरं इंजेक्शन दिलं तरी हा धोका आहेच, त्यामुळे "दुसरं इंजेक्शन लिहून द्या" म्हणून सुटका नाही.

तुमच्या सासऱ्यांचं मूळ अन् हलती दाढ, दोन्ही बहुतेक आत्ताच काढावं लागेल. पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) काढतील. मग हिरडी मिटायला दोन-तीन आठवडे द्यायचे अन् त्यानंतर पहिलं झोलेड्रोनिक. तेवढ्यानं काही बिघडत नाही, फक्त कॅन्सरच्या डॉक्टरांना तारीख कळवा. हार्मोनचं इंजेक्शन मात्र यासाठी एक दिवसही पुढं ढकलू नका.

कवळी सोबत न्या. ती कुठं टोचत असेल तर घासून नीट बसवून घ्या, तिच्या घट्ट्यानंही हाड उघडं पडू शकतं. रक्त पातळ करायची गोळी किंवा शुगर असेल तर आधीच सांगा.

समुद्रपूरची सून
शुगर नाही. बीपीची गोळी आहे. जावं कुठं?

जाम चौरस्ता
सावंगी मेघेचं शरद पवार दंत महाविद्यालय, नाही तं नागपूरला मेडिकलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. सकाळी लवकर पोचा. बाजारात बसून दात काढणाऱ्याकडं मात्र चुकूनही नेऊ नका.

दातवाली (वर्धा)
एका चकरेत होईल असं धरून जाऊ नका. अन् इंजेक्शन सुरू झाल्यावर पुढं कधी दात दुखला तर आधी रूट कॅनल होतं का ते विचारायचं, काढणं शेवटी. कॅल्शियम अन् डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चुकवू नका.

समुद्रपूरची सून
जाऊन आलो सावंगीला. दोन्ही काढले, टाके घातले. पण वेळ दाताला नाही, तोंड उघडायलाच लागला! खर्ऱ्यानं गाल आतून इतके कडक झालेत की दोनच बोटं आत जातात. डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात देऊन मामाजींना त्यांचंच तोंड दाखवलं. गालावर एक पांढरा चट्टा आहे, तो पुढच्या खेपेला पुन्हा बघणार आहेत. येताना मामाजी गाडीत गप्प होते. खर्ऱ्याची पुडी खिशात होती, पण जामपर्यंत काढली नाही. पुढचं मला माहीत नाही, मी उतरून भाजी घ्यायला गेले होते.