गोडी छाटणीआधी ऑनलाइन चर्चासत्र घ्यायचंय, शेतकरी शेवटपर्यंत थांबतील असं कसं करायचं?

द्राक्षवेल_निफाड
नमस्कार मंडळी. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांचा आमचा गट आहे. दरवर्षी गोडी छाटणीच्या (घड येण्यासाठी करतात ती) आधी एखादं मंगल कार्यालय घेऊन चर्चासत्र करतो, तज्ज्ञ बोलावतो, चहा-नाश्ता, जेवण, सगळं. यंदा ज्या सरांना बोलवायचंय त्यांना पुण्याहून यायला जमत नाहीये पण ऑनलाइन तयार आहेत, शिवाय सटाण्याचे आणि तासगावकडचे पण काही जण म्हणतायत आम्हाला पण ऐकायचंय, म्हणून यावेळी पूर्ण ऑनलाइन करायचं ठरलंय. तीन-चारशे लोक धरून चाललोय. बहुतेक सगळे मोबाईलवरूनच बघणार. झूम घ्यावं की यूट्यूब लाइव्ह? आणि मेन काळजी ही की ऑनलाइन म्हटलं की लोक दहा मिनिटांत निघून जातात, समोर बसलेला माणूस निदान जेवणापर्यंत तरी थांबतो. विषय डाऊनी, भुरी हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग आणि छाटणीनंतरचं पहिल्या महिन्याचं नियोजन असा आहे. ज्यांनी असे कार्यक्रम केलेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, खर्च कमीत कमी.

साउंडवाला_पंचवटी
दादा, दोन्ही वापरा. वक्ते, सूत्रसंचालक आणि प्रश्न विचारणारे चार-पाच शेतकरी एवढेच झूमवर घ्या आणि तिथून यूट्यूबला लाइव्ह सोडा, बाकी सगळे यूट्यूबवर बघतील. लिंकवर बोट लावलं की चालू, ॲप टाका, नाव टाका, माइक बंद करा ही भानगडच नाही. शिवाय यूट्यूबवर ज्याचं नेट कमी आहे तो क्वालिटी कमी करून बघू शकतो आणि उशिरा आलेला मागे नेऊन पहिल्यापासून ऐकू शकतो. झूमचं एक महिन्याचं पेड घ्यावं लागेल कारण फुकटात ४० मिनिटांची आणि १०० माणसांची मर्यादा आहे आणि यूट्यूबला सोडायची सोय पण फुकटात नाही. चॅनल नवीन असेल तर लाइव्ह आधीच चालू करून ठेवा, पहिल्यांदा चालू करताना २४ तास लागू शकतात, लोक कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ते बटण शोधत बसतात.

आता आवाज. चित्र थोडं फाटलं तर माणूस सहन करतो, आवाज फाटला की बंदच करतो, मी इतके कार्यक्रम सांभाळलेत, लोक उठून जायचं हेच सगळ्यात मोठं कारण बघितलंय. सरांना सांगा लॅपटॉपच्या माइकवर बोलू नका, साधा वायरचा इअरफोन लावा, पंखा बंद करा, खोलीचं दार लावा. जमलं तर नेट वायफायवर न घेता केबलने घ्या. तुमच्या बाजूला राउटरला छोटा यूपीएस लावा, लाइट गेली तरी नेट चालू राहतं, आणि शेजारी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला मोबाईल हॉटस्पॉटसाठी चार्ज करून ठेवा. झूमवर अजून एकाला को-होस्ट करा आणि तो दुसऱ्या गावात बसलेला असू द्या, म्हणजे तुमच्याकडचं सगळं बंद पडलं तरी कार्यक्रम चालू राहील. आणि रंगीत तालीम आदल्या दिवशी त्याच वेळेला घ्या, सकाळी ११ ला घेतलेल्या तालमीचा उपयोग नाही कारण रात्री ८ ला गावातलं नेट वेगळंच असतं.

गंगापूररोड_वाचक
आमच्या व्याख्यानांचे ऑनलाइन कार्यक्रम सांभाळते म्हणून सांगते. नाशिकच्या लोकांना व्याख्यान ऐकायची सवय आहे, गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला मे महिन्यात माणसं रोज संध्याकाळी येऊन बसतात, पण तिथे वारा असतो, ओळखीचे भेटतात, बोलणं होतं. मोबाईलवर यातलं काहीच नाही, म्हणून तोच दीड तासाचा कार्यक्रम जसाच्या तसा ऑनलाइन उचलून ठेवू नका. माझं स्पष्ट मत आहे की जे रेकॉर्ड करून देता येतं ते लाइव्ह करूच नये. सरांचं मूळ भाषण वीस-पंचवीस मिनिटांचं आधीच रेकॉर्ड करून चार दिवस आधी व्हॉट्सॲपवर द्या, लोक पंपाची टाकी भरेपर्यंत, गाडीत, जसं जमेल तसं ऐकतील. मग लाइव्ह तास सगळा प्रश्नांना द्या. माणूस शेवटपर्यंत थांबतो तो आपला प्रश्न कधी येतोय म्हणून.

आणि प्रश्न आयत्या वेळी मागू नका. यूट्यूबच्या चॅटमध्ये लिहायला लॉगिन लागतं, बऱ्याच जणांना टाइप करायचा कंटाळा असतो. त्यापेक्षा एक वेगळा नंबर द्या, त्यावर व्हॉइस मेसेज आणि पानाचे फोटो मागवा. गटातला एखादा जाणता तरुण ते सगळे ऐकून एकसारखे प्रश्न एकत्र करेल. कार्यक्रमात नाव गाव घेऊन विचारायचं, अमुक भाऊ, पालखेडहून, असा असा प्रश्न आहे. नाव घेतलं की तो थांबतो, त्याचे चार शेजारी पण थांबतात.

सटाणा_अर्ली
ताईंचं पटलं. एक भर घालतो. आमच्याकडे बागलाणात अर्ली छाटणी होते, जुलै-ऑगस्टमध्येच, म्हणजे तुमचं चर्चासत्र होईल तोवर आम्ही पावसातल्या डाऊनीशी भांडून मोकळे झालेलो असतो. तुमचे लोक ज्या भीतीने बसलेले असतात ते सगळं आमच्या बागेत घडून गेलेलं असतं. आमच्यातल्या एक-दोघांना झूमवर घ्या, सर शास्त्र सांगतील आणि आम्ही काय फवारलं, किती दिवसांनी फवारलं, पाऊस उघडल्यावर काय दिसलं ते सांगू. फक्त बागेतून लाइव्ह करू नका राव, रेंज पण जाते आणि वाऱ्याचा आवाज माइकमध्ये घुसतो. आधी मोबाईल आडवा धरून पाच मिनिटांचा व्हिडिओ काढू, पानाच्या खालची बाजू जवळून दाखवू, तो तुम्ही मध्ये लावा.

दुसरं, औषधाचं प्रमाण. ऑनलाइन आवाजात दीड ग्रॅम आणि अडीच ग्रॅम सारखंच ऐकू येतं, आणि हे चुकलं तर एक्सपोर्टवाल्याचा माल रेसिड्यूमध्ये, म्हणजे मालात राहिलेल्या औषधाच्या अंशामुळे, अडकतो किंवा घड जळतो. सर जे जे प्रमाण सांगतील ते त्याच क्षणी मोठ्या अक्षरात स्क्रीनवर आलं पाहिजे, लिटरला किती, आणि काढणीच्या आधी किती दिवस थांबायचं ते पण. यासाठी एक माणूस फक्त टायपिंगला बसवा. कार्यक्रम संपल्यावर सरांनी तपासून दिलेला एक पानी कागद ग्रुपवर टाका, दुकानात जाताना लोक तोच उघडतात.

मोसम_खोरे
तारीख-वेळेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. अनंत चतुर्दशी झाल्यावर आणि घटस्थापनेच्या आधी जे पंधरा दिवस असतात ते धरा. पितृपक्ष आहे म्हणून काही जण नाक मुरडतील पण शिकायला पक्ष कशाला आड येतोय, घरचं जेवण दुपारी असतं, रात्री माणूस मोकळा. नवरात्र लागलं की निम्मे वणीला गडावर आणि बाकीचे छाटणीच्या मजुरांमागे. वेळ रात्री ८ ते सव्वानऊ, दूध डेअरीला घालून जेवण झालेलं असतं. ज्या आठवड्यात तुमच्या फीडरला शेतपंपाची थ्री फेज वीज रात्रीची आहे तो आठवडा टाळा. भारताची क्रिकेट मॅच आहे का तेही बघून घ्या, खरंच फरक पडतो.

आणि निरोप. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ लोकच बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज जातच नाही, म्हणून ब्रॉडकास्टवर अवलंबून राहू नका. कार्यक्रमासाठी वेगळा ग्रुप करा, फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं सेटिंग ठेवा, नाहीतर लिंक सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. लिंक आदल्या रात्री, सकाळी आणि सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी. शक्य झालं तर प्रत्येक गावात एकाने सोसायटीच्या ऑफिसात टीव्हीवर लावून दहा-वीस जणांना बसवा, म्हाताऱ्या माणसांना मोबाईलवर ऐकू येत नाही.

द्राक्षवेल_निफाड
खूप खूप आभार सगळ्यांचे, रेकॉर्ड केलेलं भाषण आधी द्यायचं हे सरांशी बोललो, ते लगेच तयार झाले, म्हणाले मलाही तेच बरं. सटाण्याच्या दादांना मेसेज करतो. एक शेवटचं, एक औषध कंपनी झूमचा आणि जाहिरातीचा सगळा खर्च द्यायला तयार आहे पण मध्ये वीस मिनिटं त्यांच्या माणसाला बोलू द्या म्हणतायत. गटात दोन मतं आहेत. काय करावं?

गंगापूररोड_वाचक
दादा, मध्ये वीस मिनिटं अजिबात देऊ नका. ऑनलाइन माणसाला उठून जायला लाज वाटत नाही, जाहिरात सुरू झाली की तो जातो आणि परत येत नाही. आणि सर डाऊनीवर बोलतायत आणि लगेच कंपनीचा माणूस डाऊनीचं औषध सांगतोय म्हटल्यावर सरांच्या बोलण्यावरचाही विश्वास जातो, ते नुकसान पैशात भरून निघत नाही. सुरुवातीला त्यांचं नाव घ्या, आभार माना, पाटी दाखवा, आणि बोलायचंच असेल तर प्रश्नोत्तरं संपल्यावर, ज्याला थांबायचं तो थांबेल, तेही स्पष्ट सांगून की हे प्रायोजकांचं आहे. तयार नसतील तर सोडून द्या. महिन्याचं झूम आणि एक यूपीएस एवढाच तर खर्च आहे, गटातल्या लोकांनी थोडे थोडे काढले तरी भागेल.

साउंडवाला_पंचवटी
ताईंना अनुमोदन. यूपीएस माझ्याकडे आहे, निफाडला माझं येणं असतं, घेऊन येतो. तालमीची तारीख ठरली की इथेच टाका, त्या रात्री मी यूट्यूबच्या बाजूने बसून आवाज ऐकतो.