मदत हवी आहे: सेवा करताना मनात मागणं येतं

माउलींची पालखी सासवडला मुक्कामी असते तेव्हा आम्ही वारकऱ्यांचे पाय चेपतो. दिवे घाट चढून आलेली पावलं, टाचांच्या भेगांत बसलेला चिखल. कोमट तेल लागलं की म्हातारी माणसं डोळे मिटतात. यंदा मुलाच्या नोकरीचं जमेना, आणि तेल चोळता चोळता मनात सारखं येई, ‘माउली, एवढं करा.’ फार अपराधी वाटलं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47 वा श्लोक, फळाची आशा न धरता कर्म करावं असं सांगणारा ‘कर्मण्येवाधिकारस्ते’, पाठ आहे. पण सातव्यात भगवंत अर्थार्थीलाही, म्हणजे काही मिळावं म्हणून भजणाऱ्यालाही, भक्तांतच धरतात, सगळ्यांनाच उदार, म्हणजे थोर, म्हणतात! मग माझी सेवा सकाम, म्हणजे फळाच्या इच्छेची, झाली का? मागणं दाबायचं, की माउलींपुढे ठेवून हात चालू ठेवायचे? जाणकारांनी ज्ञानेश्वरीतल्या ओव्याही सुचवाव्यात, ही विनंती.