सोळा हात वर झाले, म्हणून न्याय झाला?

तळमजला, कर्वेनगर: काल एकांनी इथे लिहिलं, "आमच्या सोसायटीच्या सभेत नवी लिफ्ट बसवायला एकवीसपैकी सोळा हात वर, विषय संपला. खालच्यांनी कुरकुर थांबवावी." मी आमच्या सोसायटीतली खालचीच. आमच्याकडेही लिफ्ट आली ती 'आयत्या वेळच्या विषयां'त. प्रत्येकी दीड लाख! वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी देतात ती कशाला? हात मोजायला दोन मिनिटं लागली. सासूबाई पेन्शनच्या पासबुकावर बोट ठेवून बसल्या होत्या, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

तिसरा मजला: काल लिहिणारा मीच. ऑक्टोबरात आईला चौघांनी खुर्चीत बसवून खाली आणली. वळणावर खुर्ची कलली, तिने कठडा असा धरला की बोटं एकेक करून सोडवावी लागली. आणि सोसायटीचे उपविधी, म्हणजे नियम, वाचा, लिफ्टचा खर्च वापरा-न वापरा, इमारतीतल्या सगळ्यांना सारखा.

माजी सेक्रेटरी: तो देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च, तोही लिफ्ट असलेल्या इमारतीत. नवी बसवायला तोच नियम दाखवू नका.

बिबवेवाडीकर: सोसायटीत निदान एक सभासद, एक मत आहे. आमचं अपार्टमेंट, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं. मताचं वजन घोषणापत्रात, म्हणजे इमारतीच्या नोंदणीच्या कागदात, लिहिलेल्या प्रत्येकाच्या मालकीच्या टक्क्यांवर. खालची दोन मोठी दुकानं एकाच मालकाची, तो "नाही" म्हणाला की आम्ही नऊ घरं गप्प. गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या पैशांवरून तेच झालं.

माजी सेक्रेटरी: टक्का जास्त, तर खर्चाचा वाटाही जास्त. पैसे त्याने भरायचे आणि ठरवायचं तुम्ही?

बिबवेवाडीकर: दुकानाला रात्री आठला कुलूप लागतं. पहाटे कोरडा नळ आम्ही सोडतो, काका! पैशाने तहान मोजता का?

माजी सेक्रेटरी: आवाज चढवू नका. पार्किंगच्या चिठ्ठ्या मी सहा वर्षं काढल्या. स्टीलच्या डब्यातून, वॉचमनच्या मुलीच्या हातून, सगळ्यांसमोर. माझीच गाडी दोनदा रस्त्यावर राहिली. पण भांडण नाही झालं.

तिसरा मजला: चिठ्ठीने आई खाली उतरत नाही.

तळमजला, कर्वेनगर: आईंचं वाचून पोटात तुटलं. लिफ्ट नको असं मी म्हटलेलंच नाही. सासूबाईंसारख्यांना हप्ते द्या, वरच्यांनी थोडं जास्त उचला, आणि हे मतदानाआधी बोला.

तिसरा मजला: हप्ते ठीक. जास्त उचलायचं मला एकट्याला कबूल करता येणार नाही, वरच्यांना विचारावं लागेल. तुमच्याकडे विषय आयत्या वेळी आणायला नको होता, एवढं मान्य.