वेगवान गाड्या, त्यांचे रुसवे आणि बुडत्या कंपन्या: तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ता: तिसरा_गिअर

एका गाडीने सध्या माझी झोप उडवली आहे. दहा वर्षं वापरलेली, चार दारांची, दिसायला अगदी सोज्वळ, आणि बॉनेटखाली दोन टर्बोवालं (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) व्ही-सिक्स, म्हणजे व्ही आकारात मांडलेले सहा सिलिंडर. अडचण अशी की ती बनवणारी कंपनी आज आहे, उद्या नाही अशा अवस्थेत आहे. घरच्यांच्या मते मला वेड लागलंय. मित्र म्हणतात घेऊन टाक, चालवायला आम्ही आहोतच.

म्हणून हा धागा काढतोय. शून्य ते शंभर किती सेकंदांत हे कुठेही वाचायला मिळतं, ते इथे नको. गाडी घरी आल्यावर काय झालं ते सांगा. काय मोडलं, कोणी दुरुस्त केलं, परत घ्याल का?

एक विनंती. स्वतःच्या गाडीचं गाऱ्हाणं असेल तर कंपनीचं नाव घेऊ नका, मागच्या वेळी त्यावरून शंभर प्रतिसाद नुसत्या भांडणात गेले. कौतुक करायचं तर खुशाल नाव घेऊन करा.

सहा_सरळ

तुमची झोप आत्ता उडालीय, माझी चार वर्षं उडालेली होती.

एका ओळीत सहा सिलिंडर, टर्बो नाही, मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत फिरणारं इंजिन. साडेपाच हजारानंतर जो आवाज बदलायचा त्यासाठी मी उगाच लांबच्या रस्त्याने घरी यायचो. घेतानाच माहीत होतं की या जातीच्या इंजिनांत रॉड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडतो तिथली) झिजतात. माहीत असणं वेगळं आणि रोज सकाळी कान लावून बसणं वेगळं. गाडी सुरू केली की पहिले दहा सेकंद श्वास रोखून धरायचो.

शेवटी एकाने सल्ला दिला की कानावर विसंबू नको, ऑइल बदलताना नमुना प्रयोगशाळेत पाठव. पाठवला. तांबं आणि शिसं दोन्ही वाढलेलं. बेअरिंगच्या पत्र्यावर मऊ धातूचा थर असतो, तो गेला की खालचं तांबं घासून ऑइलमध्ये उतरायला लागतं. खटखट ऐकू येईपर्यंत थांबलो असतो तर क्रँकशाफ्टही गेला असता. मग खालून ऑइलपॅन उतरवून बेअरिंगच्या बाराच्या बारा वाट्या बदलल्या. काढलेल्यांपैकी तीन वाट्यांत तांबं लख्ख दिसत होतं. त्यातली एक माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

त्यानंतर गाडी एकदाही रुसली नाही. पण एक सवय लागली ती कायमची. ऑइल गरम होईपर्यंत तीन हजाराच्या वर जात नाही. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं बरेच जण धरून चालतात. ऑइलला त्यानंतरही बराच वेळ लागतो.

परत घेईन का? हो. पण बेअरिंग आधी बदललेली असेल तरच.

मूक_वाचक

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

डावी_लेन

माझा अनुभव गाडीपेक्षा वर्कशॉपचा जास्त आहे. हॉट हॅच, म्हणजे छोटी पण वेगवान हॅचबॅक, थेट इंजेक्शनवालं टर्बो पेट्रोल. गाडी माझी, चालवते मी, कागदावर नाव माझं. थंड असताना इंजिन थरथरायला लागलं म्हणून घेऊन गेले. सोबत नवरा होता, त्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण समोरचा माणूस माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे बघून देत होता. तो बिचारा दर वेळी माझ्याकडे बोट दाखवायचा.

आधी स्पार्क प्लग बदलले, मग कॉइल बदलल्या. थरथर तशीच. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं की इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठली असेल, एकदा कॅमेरा घालून बघा. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जायचं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतले जायचे. थेट सिलिंडरमध्ये फवारा गेला की ही आंघोळ बंद, आणि ऑइलची वाफ व्हॉल्व्हवर भाजत राहते. "असं नसतं मॅडम."

तिसऱ्या खेपेला दुसरीकडे गेले. त्या माणसाने कॅमेरा आत सोडला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. व्हॉल्व्ह कुठला आणि काजळी कुठली ते कळत नव्हतं. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारून साफ केलं. गाडी परत पहिल्यासारखी. आता मी एकटीच जाते.

तिसरा_गिअर

@डावी_लेन, आंघोळीचा मुद्दा भारी! ही काजळी किती चालल्यावर साठते?

डावी_लेन

ठरावीक आकडा नाही. सतत छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांना लवकर. आणि हल्लीच्या काही इंजिनांत दोन्ही जागी इंजेक्टर असतात, त्यांना हा त्रास फारसा नाही.

चावी_मध्ये

कंपनी बुडणं म्हणजे काय हे साब या स्वीडिश गाडीवाल्यांना विचारा.

१९७८ मध्ये साबने ९९ टर्बो आणली. टर्बो म्हणजे शर्यतीतलं काहीतरी असं लोक समजत असताना यांनी ते रोजच्या गाडीत बसवून दाखवलं. इंजिनाची चावी दोन सीटांच्या मध्ये. त्या एका चावीवरून लोक साबवाल्यांना विक्षिप्त म्हणायचे आणि आम्हाला ते आवडायचं. १९९० मध्ये जनरल मोटर्सने अर्धा हिस्सा घेतला, २००० मध्ये उरलेला. २०१० मध्ये स्पायकरसारख्या एवढ्याशा कंपनीच्या हाती दिली आणि डिसेंबर २०११ मध्ये दिवाळं निघालं.

माझी ९-५ त्याच्या कितीतरी आधीची. कंपनी गेली त्या दिवशी मी गाडी धुतली. का ते विचारू नका.

आता मुद्द्याचं. कंपनी गेली म्हणून गाडी लगेच मरत नाही. सुट्या भागांचा धंदा वेगळ्या कंपनीत होता, तो वाचला आणि पुढे ओरिओ नावाने चालू राहिला. फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश यांची मला कधी चणचण भासली नाही. अडतं ते फालतू गोष्टींवर. दाराच्या आतलं प्लास्टिक, एखादी क्लिप, मागच्या दिव्याची काच. म्हणून आम्ही भंगारात निघालेली प्रत्येक साब डोळ्यांत तेल घालून बघतो. माझ्या माळ्यावर दोन डॅशबोर्ड आहेत.

तेव्हा धागाकर्त्या, कंपनी जगेल का हे विचारू नकोस. तुझ्या मॉडेलच्या किती गाड्या विकल्या गेल्या आणि तिचं इंजिन-गिअरबॉक्स आणखी कुठल्या गाडीत आहे ते शोध.

वायर_आणि_फायर

वरच्या प्रतिसादाला +१, पण हे जुन्या गाड्यांपुरतं. साब बुडाली तेव्हा गाडीत कंपनीच्या सर्व्हरवाचून अडणारं काही नव्हतं. फिस्कर या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने जून २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा त्यांची ओशन ही गाडी घेतलेल्यांसमोर प्रश्न भागांचा होताच, शिवाय सॉफ्टवेअरचे अपडेट कोण देणार हाही होता. मालकांनी मिळून संघटना काढली. म्हणजे गाडी विकत घ्यायची आणि सोबत कंपनीही चालवायची!

डॅशबोर्ड माळ्यावर ठेवता येतो. सर्व्हर कुठे ठेवणार?

दोन_सीट_पुरे

माझी एमएक्स-५. १९८९ मध्ये आली तेव्हा माझदाच्या डोळ्यांसमोर जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार लोटस एलान होती, पण सकाळी सुरू होणारी. माझी बरीच नंतरची आहे. नऊ वर्षांत ब्रेक, टायर, बॅटरी आणि छताची एक रबरपट्टी. संपला अनुभव. कंटाळवाणा आहे, माफ करा.

नकाशा_बदलला

कबुलीजबाब देतो, हसू नका.

गाडी उत्तम होती. तिला काही झालं नव्हतं. मलाच झालं होतं. लॅपटॉप लावून अर्ध्या तासात शक्ती एक चतुर्थांशाने वाढवून देणारा एक भेटला. रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं) केल्यावर पहिला आठवडा मी आकाशात. दुसऱ्या आठवड्यात चौथ्या गिअरमध्ये दाबलं की काटा वर जायचा, गाडी तिथेच. क्लच सरकायला लागला होता.

मग जाड क्लच टाकला. तो इतका कडक की गर्दीत अडकलो की डावा पाय थरथरायचा. क्लच सरकेना झाला तसा सगळा जोर गिअरबॉक्सवर गेला आणि तिसऱ्या गिअरचे दात गेले. गिअरबॉक्स केला तर इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) कमी पडतोय असं कळलं. दर वेळी वाटायचं, एवढं एक झालं की झालं.

शेवटी मूळ प्रोग्रॅम परत टाकून विकली. ज्याने घेतली त्याला सगळी यादी हातात दिली. तो हसला आणि म्हणाला, मी रिमॅप करणारच आहे.

टनावारी

थोडं अवांतर. कंपन्यांच्या अडचणीची चर्चा चाललीय तर लोटसबद्दल कोणीतरी बोला. १९९६ ची एलिस साधारण सव्वासातशे किलोची. त्याच कंपनीची आजची इलेक्ट्रिक एसयूव्ही एलेत्रे अडीच टनांच्या आसपास. एका एलेत्रेच्या वजनात तीन एलिस बसतात आणि वर ड्रायव्हरही. २०१७ मध्ये गीली ही चिनी कंपनी मालक म्हणून आली, पैसा आला, हे सगळं मान्य. पण नाव तेच ठेवायचं आणि वस्तू उलटी विकायची, मग लोक फिरकत नाहीत म्हणून रडायचं?

वायर_आणि_फायर

@टनावारी, पण लोटसची एमिरा ही स्पोर्ट्स कार आहे की. आणि एलिस विकून पोट भरलं असतं तर गीलीची गरज का पडली असती?

टनावारी

एमिरा दीड टनाकडे झुकते. तरी तिच्यात टोयोटाचं व्ही-सिक्स मिळतं, तेवढा समजूतदारपणा दाखवलाय. पोटाचा मुद्दा मान्य. पण मर्सिडीजच्या सी ६३ कडे बघा. तिचं पोट भरलेलं होतं, तरी व्ही-एट काढून दोन लिटरचं चार सिलिंडर आणि बॅटरी घातली. कागदावर शक्ती वाढली, वजन दोन टनांच्या वर गेलं, आणि जे लोक आवाजासाठी यायचे ते आलेच नाहीत. त्यांना आकडा नको होता हो!

त्रिकोणी_पिस्टन

पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या गाडीवाल्याचाही प्रतिसाद घ्या. माझदा आरएक्स-८, दोन रोटर, मिळून १३०८ सीसी, नऊ हजारापर्यंत फिरणारी.

लोक म्हणतात "ही ऑइल खाते". अहो, खायलाच हवं. रोटरच्या तीन टोकांना सील असतात, त्यांना वंगण मिळावं म्हणून इंजिन स्वतःच थोडं थोडं ऑइल आत सोडतं आणि ते जळतं. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना ऑइलची पट्टी बघायची, एवढा नेम पाळला की झालं. दुसरा नेम, थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करायचं नाही, नाहीतर आत पेट्रोल साचून प्लग भिजतात. पार्किंगमध्ये दोन फूट हलवायची असेल तर आम्ही ढकलतो. शेजारी आता विचारत नाहीत. तिसरा नेम सगळ्यात अवघड: रोज एकदा काटा लाल रेषेपर्यंत न्यायचा. तब्येतीसाठी, बरं का.

१९९१ मध्ये याच जातीच्या चार रोटरांच्या ७८७बी ने फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत मारली. जपानी कंपनीचा तो तिथला पहिला विजय. दुसरा यायला २०१८ उजाडलं, टोयोटाचा. पेट्रोल पंपावर मी किती वेळा उभा असतो हे आठवलं की मी ७८७बी चा आवाज लावून ऐकतो.

पाना_बारा_नंबर

माझा धंदाच या गाड्यांचा, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो.

माझ्याकडे येणाऱ्या गाड्या पळवून बिघडलेल्या कमी आणि उभ्या राहून बिघडलेल्या जास्त असतात. महिन्यातून एकदा कापड काढून दहा मिनिटं चालवली म्हणजे जपली, असं मालकाला वाटतं. त्या दहा मिनिटांत एक्झॉस्टमधलं पाणी वाळत नाही, ऑइल तापत नाही. सील सुकतात, बॅटरी मरते, टायरचं रबर दगड होतं. दहा वर्षांच्या गाडीला कमी किलोमीटर बघून भुलू नका. कमी किलोमीटर आणि मूळचेच टायर दिसले तर मी आधी टायरवरची तारीख बघतो: चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

दुसरं, प्लास्टिक. दोन टर्बो इंजिनाच्या कुशीत असतात, तिथली उष्णता भयंकर. कूलंटचे प्लास्टिकचे जोड दहा वर्षांत पापडासारखे कडक होतात. फुटतो एक छोटा तुकडा आणि इंजिन तापून हेड (सिलिंडरांवरचं झाकण) वाकतं. लोक इंजिनाला शिव्या देतात. मी अशी गाडी घेतली तर पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि सगळे होस न विचारता बदलीन.

ब्रेकचं ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. जुनं झालं की उकळण्याचा बिंदू खाली येतो. साध्या गाडीत हे कळतही नाही, पण ही गाडी उतारावर दोनदा जोरात थांबवली की पेडल जमिनीला. एकाने मला हे रडवेल्या चेहऱ्याने सांगितलंय, तो थोडक्यात वाचला होता.

आणि धागाकर्ते, एवढं एक ऐकाच. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. फोनवर तसं आधीच सांगा. थंड इंजिन सगळं बोलतं: साखळीची खडखड, निळा धूर, अडखळणं. तापलं की गप्प बसतं. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, नमस्कार-चमत्कार नंतर.

सहा_सरळ

+१००. मी हात ठेवला नव्हता.

मूक_वाचक

आरएक्स-८ ढकलणारे काका, तुमचा व्हिडिओ टाका.

तिसरा_गिअर

सगळ्यांचे आभार. @चावी_मध्ये, शोधलं. त्या इंजिनाचे नातेवाईक फार नाहीत, गिअरबॉक्स मात्र बऱ्याच गाड्यांत आहे. सुट्या भागांच्या दोन दुकानांना विचारलं, पाण्याचा पंप आहे, एका बाजूचा हेडलाइट नाही.

आज सकाळी गाडी बघून आलो. काल फोनवर दोनदा सांगितलं होतं की थंड हवी. विक्रेता हसतमुख, कागदपत्रं नीट फाईलला लावलेली, रंग आरशासारखा. @पाना_बारा_नंबर यांचं ऐकून हात पुढे करायच्या ऐवजी आधी बॉनेटवर ठेवला.

गरम होतं. म्हणाला, "तुमच्यासाठीच धुवून आणली आत्ता."

पाना_बारा_नंबर

मग?

तिसरा_गिअर

चालवून बघितली. तिसऱ्या गिअरमध्ये दाबलं तेव्हा... जाऊ दे, ते लिहीत नाही, नाहीतर आत्ताच उठून पैसे देऊन येईन. परवा सकाळी सहाला जातोय. या वेळी न कळवता.